भाव सांगण्याआधी वायरमनने डीबी (घरातली विजेची मुख्य पेटी) उघडला का?

'सर, आम्ही कर्वेनगरला १९८६ साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा-सून आता कायमचे आमच्याकडे येणार, म्हणून एक एसी, बाथरूमला नवा गिझर आणि ओट्यावर इंडक्शन असा बेत आहे. मध्यंतरी स्वयंपाकघराची एमसीबी, म्हणजे ते ट्रिपचं बटण, सारखी पडायची. ती बदलून घेतली, आता पडत नाही. पण ओल्या हाताने फ्रिज उघडला की बोटांना मुंग्या यायच्या. तीन वायरमनना बोलावलं. आमचे नेहमीचे काका पंचवीस वर्षं येतात. ते म्हणाले, "वहिनी, काही होत नाही, चप्पल घालून उघडत जा." दुसरा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाठवलेला, दारातूनच म्हणाला, "सगळं वायरिंग नवीन, सव्वा लाख." तिसरा मुलाने अॅपवरून बोलावला. त्याने टेस्टर लावला, फ्रिजच्या सॉकेटमध्ये पाच मिनिटांत अर्थिंग करून दिलं, साडेतीनशे घेतले. मुंग्या थांबल्या. आता पुढचं काम याच मुलाला द्यावं असं माझं मत आहे, यजमानांना काकाच हवेत. परवाना आहे का असं विचारणं बरं दिसतं का? आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून काय सांगू?'

सौ. वि. द., कर्वेनगर, पुणे

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी फ्रिजचा प्लग काढा. आतलं दूध-भाजी शेजारी ठेवा, पण तो प्लग त्या सॉकेटमध्ये परत घालू नका.

पाच मिनिटांत सॉकेटमध्ये अर्थिंग होत नाही. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेल्या पट्टीपासून किंवा पाइपपासून मीटर रूममार्गे तुमच्या घरापर्यंत अखंड आलेली वायर. ती आधीच आलेली असेल आणि सॉकेटपाशी सुटली असेल, तर जोडायला पाच मिनिटं पुरतात हे खरं. पण तुमच्या पत्रात दुसरीच शक्यता जास्त दिसते. त्या मुलाने एक वीतभर वायर घेतली, तिचं एक टोक न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या वायरीच्या) पिनला लावलं, दुसरं वरच्या जाड अर्थच्या पिनला, आणि झाकण बंद केलं. मुंग्या तत्काळ थांबतात. गिऱ्हाईक खूश, साडेतीनशे वसूल.

धोका कुठे आहे तो सांगतो. फ्रिजचा पत्रा आता न्यूट्रलला बांधलेला आहे. तुमच्या इमारतीला चाळीस वर्षं झाली. वाटेत कुठेतरी, एखाद्या बोर्डामागे किंवा मीटरपाशी, न्यूट्रलचा जुना जॉइंट ढिला झाला आणि सुटला, की विजेची परतीची वाट बंद. मग फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीतून, आलेली वीज फ्रिजच्या मोटरमधून फिरून न्यूट्रलच्या पिनवर येते, तिथून त्या वीतभर वायरीने थेट फ्रिजच्या दारावर. पूर्ण २३० व्होल्ट. फ्रिज बंद पडलेला दिसतो, म्हणून तुम्ही 'काय झालं बघू' म्हणून दाराला हात लावणार. एमसीबी पडणार नाही, कारण तिच्या हिशेबी काही बिघडलेलंच नाही. दुसरी तऱ्हा अशी की मीटर रूममध्ये कोणी काम करताना तुमच्या फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली, तर न्यूट्रल न तुटताच पत्रा जिवंत होतो. आधी मुंग्या येत होत्या तेव्हा फ्रिज तुम्हाला निदान सांगत तरी होता. आता त्याचं तोंड बांधलंय.

मी बघितलेलं नाही, त्यामुळे अंदाज चुकू शकतो. चुकला तर मला आनंदच आहे. मेन बंद करून ते सॉकेट उघडलं की दोन मिनिटांत कळेल. हे काम काकांनाच सांगा. वीतभर वायर दिसली तर काढून टाकायची. पण प्लग तरीही घालू नका, मुंग्या परत येतील.

आता माणूस कसा निवडायचा ते. तुमच्या पत्रातले तिघे मला चांगले ओळखीचे वाटले. तीस वर्षं मी आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या, म्हणजे वायरमनच्या कोर्सच्या, पोरांना शिकवलं. या तिघांसारखे सगळे माझ्या वर्गात बसून गेलेत. काम तिघांनाही येतं. पण भाव सांगण्याआधी तुमचा डीबी तिघांपैकी एकानेही उघडला नाही. काकांनी सवयीवर सांगितलं, दुकानवाल्याने दारात उभ्याने इमारतीचं वय बघून सांगितलं, तिसऱ्याने टेस्टरचा दिवा बघून. माझी एकच कसोटी आहे, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत लागते. बरा वायरमन आल्यावर आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. काय काय लावणार आहात, एसी किती टनाचा, गिझर साठवणीचा की झटपटवाला. मग विजेचं बिल मागतो. मग 'मीटर रूमची किल्ली कोणाकडे असते?' असं विचारून खाली जाऊन येतो. मग डीबीचं झाकण काढतो, एखाद-दुसऱ्या बोर्डाचे स्क्रू सोडून आत बॅटरी मारतो. एवढं झाल्यावर जो आकडा सांगतो, तो ऐकण्यासारखा असतो, मग तो जास्त असला तरी. यासाठी त्याने व्हिजिटचे पैसे मागितले तर द्या. फुकट तपासणी करणारा ती कामात वसूल करतोच.

तो बोर्ड उघडेल तेव्हा तुम्ही तिथे उभ्या राहा, हात लावू नका, फक्त बघा आणि वास घ्या. वायरीवरचं प्लास्टिक बोटाने वाकवलं तर वाकायला हवं. पापडासारखं तुटत असेल तर ती वायर गेली. स्विचच्या मागे तपकिरी डाग म्हणजे तिथे जॉइंट तापतोय. तापलेल्या बोर्डाला एक विचित्र वास येतो, शिळ्या मासळीसारखा. अनेक बायकांना तो स्वयंपाकघरात आठवडाभर येत असतो आणि त्या मोरीचं जाळं उपसत बसतात. वायरीचं टोक रुपेरी दिसलं तर ती बहुधा अॅल्युमिनियमची. एवढ्या जुन्या इमारतींत असू शकते. तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली दिसली, तर तो जॉइंट आज ना उद्या तापणार. आणि हिरवी वायर शोधा. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. हिरवी आहे का, आणि असली तर ती खरोखर कशाला जोडलेली आहे का?

हे शेवटचं मी अनुभवाने सांगतो. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत माझ्याच बाथरूमचं काम एकाकडून उरकून घेतलं. मी, जो वर्गात अर्थिंगवर आठवडाभर बोलायचो, त्या दिवशी हॉलच्या बुकिंगमागे होतो. दोन वर्षांनी बायको म्हणाली, 'नळाला हात लावला की कसंतरीच होतं.' गिझरचा बोर्ड उघडला, तर हिरवी वायर नीट सोलून, दुमडून, काळ्या टेपात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. इतकी सुबक की बघत राहावं. कुठेच जोडलेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.

तर ताई, अर्थिंग तुमच्या घरात पोचतंय की नाही हे सव्वा लाखाच्या आधी ठरवायचं आहे. सोसायटीच्या आवारात, मीटर रूमजवळ, अर्थिंगचा खड्डा असायला हवा. त्यावर छोटं झाकण असतं. जुन्या पद्धतीत कोळसा आणि मीठ घालून उन्हाळ्यात पाणी ओतायचे. कितीतरी सोसायट्यांत त्यावर आता फरशी आलेली असते किंवा कोणाची स्कूटर उभी असते. खड्डा आहे का, तिथून पट्टी मीटर रूममध्ये येते का, आणि तिथून दुसऱ्या मजल्यावर वायर चढते का, या तीन गोष्टी वायरमनला घेऊन बघा. खालीच नसेल, तर घरात कितीही महागडी हिरवी वायर फिरवली तरी ती दोन्ही बाजूंनी मोकळीच. मग विषय सोसायटीच्या सभेत न्यावा लागेल. तिथे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, पण अर्थिंग सगळ्यांचंच आहे, तेव्हा चेअरमनसाहेबांच्या फ्रिजलाही येता-येता हात लावून यायला सांगा त्यांना.

खात्रीसाठी, पुढे सांगतो ती आरसीसीबी बसवायच्या आधी, वायरमनला तुमच्यासमोर टेस्ट लॅम्प लावायला सांगा. नुसता टेस्टर नको, आणि नुसता मीटरही फसवतो. जुना तारेचा बल्ब हवा, त्याने थोडा करंट ओढला पाहिजे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावला आणि तो लख्ख पेटला तर अर्थिंग पोचतंय. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. मात्र वीतभर वायरीची ती युक्ती केलेली असेल तरी बल्ब लख्खच पेटतो, म्हणून आधी सॉकेट उघडून बघायचं आणि मगच बल्ब. हा प्रयोग तुम्ही किंवा यजमानांनी करायचा नाही.

अर्थिंग सोसायटीत अडकलं तरी तुमच्या हातात एक गोष्ट आहे, ती या आठवड्यातच करा. डीबीमध्ये ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. हा फरक पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटमालकांना माहीत नसतो आणि दोन्हीला 'ते ट्रिपचं बटण' म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब ती सारखा जुळवत बसते. ३० मिलिअँपियरचा फरक पडायच्या आत, म्हणजे कोणाच्या तरी अंगातून जमिनीकडे वीज जायला लागली की, सप्लाय तोडते. अर्थिंग नसलं तरी हे काम ती करते, फक्त तेव्हा झटका बसल्यावर तोडते, अर्थिंग असलं तर तुमचा हात लागायच्या आधीच. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपियरच्याही मिळतात. त्या आगीसाठी, माणसासाठी नाहीत. बॉक्सवरचा आकडा स्वतः वाचा.

तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. दर दोन-तीन महिन्यांनी दाबा, घरातली लाइट जायला हवी. गेली नाही तर ती मेली. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी लावली की पहिले काही दिवस ती सारखी पडते, आणि मग 'हिच्यात फॉल्ट आहे, डायरेक्ट करून देतो' म्हणणारे भेटतात. तिच्यात फॉल्ट नसतो. कुठल्यातरी दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत गेलेले असतात किंवा कुठे ओल असते, आणि ती इमानाने ते दाखवत असते. ते शोधायला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ देणारा वायरमन मिळाला तर त्याचा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा. खरंतर हेच छोटं काम नव्या माणसाला परीक्षा म्हणून द्या. आरसीसीबी लावून, ती पडायची का थांबत नाही याचा माग त्याने काढला, तर एसी-गिझर त्यालाच.

आता त्या एमसीबीकडे येतो. तुम्ही 'बदलून घेतली, आता पडत नाही' इतकंच लिहिलंय. कोणाकडून ते लिहिलं नाही, पण काकांकडूनच ना? आणि १६ अँपियरची काढून ३२ची लावली असणार. डीबी उघडा, एमसीबीवर सी १६, सी ३२ असं छापलेलं असतं, वाचा. आता इंडक्शन आल्यावरचा स्वयंपाकघराचा हिशेब करू. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १४०० वॅट, मिक्सर ७५०. २३० व्होल्टने भागलं तर जवळपास ९, ६ आणि सव्वातीन अँपियर; मिळून १८ च्या वर. त्या भिंतीत १९८६ साली दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकलेली असेल, तर तिला १६ अँपियर हेच फार झालं. इंडक्शन यायच्या आधीच ती एमसीबी पडत होती, म्हणजे ती बहुधा बिघडली नव्हती, ती तिचं काम करत होती. ३२ची लावल्यावर आता वायर तापेल, प्लास्टिक वितळेल, तरी एमसीबी गप्प राहील. सूनबाईंचं इंडक्शन आणायच्या आधी परत १६ची लावून घ्या, आणि ओट्याला वेगळी लाइन ओढेपर्यंत मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावू नका.

यात काकांना दोष देण्याआधी आठवून बघा, तुम्ही त्यांना काय म्हणाला होतात. 'काका, सारखी पडते हो, काहीतरी करा, पाहुणे यायचेत.' त्यांनी काहीतरी केलं. वायरमन आपण मागू ते देतो. 'का पडते ते बघा' असं म्हणाला असतात, तर कदाचित दुसरं उत्तर आलं असतं. आणि आपण पुणेकर पॉइंटमागे दहा-वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, ती बचत तो आपल्या पोटातून देत नाही. चारची वायर अडीचची होते, हिरवी वायर गायब होते, आणि प्लास्टर झाल्यावर ते कोणालाच दिसत नाही.

काम किती करायचं? सव्वा लाखवाला कदाचित बरोबरही असेल. बोर्ड उघडल्यावर प्लास्टिक पापडासारखं निघालं तर सगळं काढणंच शहाणपणाचं. पण तसं नसेल तर मी आधी डीबी नवा घेईन आणि त्यातून वेगळ्या लाइनी ओढीन. एसीला स्वतंत्र, चारच्या वायरीची, स्वतःची २०ची एमसीबी. गिझरला तशीच. ओट्यावर १६ अँपियरच्या सॉकेटांसाठी अडीचची, आणि एका सर्किटवर अशी दोनच सॉकेटं. दिवे-पंखे आहेत तिथेच दीडवर राहू देत, नुसते जॉइंट तपासून. भिंतीत झिरी मारायची की वरून पट्टी टाकायची, हा सौंदर्याचा प्रश्न आहे. सासूबाईंच्या काळातल्या घराला वरून पांढरी पट्टी काही वाईट दिसत नाही, आणि उद्या काही झालं तर झाकण काढून बघता येतं. झिरी मारणार असाल तर बीम-कॉलमला छिन्नी लावू देऊ नका, आणि प्लास्टर भरायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, शेजारी टेप धरून. पाच वर्षांनी फोटोफ्रेमचा खिळा मारताना तुम्ही मला दुवा द्याल.

बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो तो बघा. दीड टनाचा एसी, दोन किलोवॅटचा गिझर आणि इंडक्शन मिळून साडेपाच-सहा किलोवॅटच्या घरात जातं. तुमचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा लागेल, आणि तिथे परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. म्हणजे तुमचा संकोचाचा प्रश्न आपोआप सुटला. 'तुमच्याकडे परवाना आहे का?' असं विचारायला जड जातं ना, मग 'टेस्ट रिपोर्ट तुमच्याच सहीचा मिळेल ना?' असं विचारा. अर्थ तोच, आवाज वेगळा. ज्याच्याकडे परवाना आहे तो लगेच 'हो' म्हणतो. नाही तो 'ते काय, एका ओळखीच्याकडून घेऊन देऊ' म्हणतो. त्याला चहा पाजून पाठवा.

तसंही बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यापलीकडचं घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांत आहे. महाराष्ट्रात हे परवाने विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून मिळतात. हातात पकड धरणाऱ्या प्रत्येक पोराकडे ठेकेदाराचा परवाना असेल असं नाही; त्याच्याकडे आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना असावा, आणि ठेकेदाराने कामावर येऊन बघावं. मीटरचं सील मात्र परवानाधारकालाही तोडू देऊ नका. बाहेरून मीटरपर्यंतचं सगळं महावितरणचं. त्याला हात लागला तर वीज कायदा २००३ खाली प्रकरण तुमच्या नावावर होऊ शकतं. कधी अचानक सगळे दिवे भडक पेटले आणि पंखे सुसाट सुटले, तर तो बाहेरच्या न्यूट्रलचा घोळ असतो. मेन बंद करून १९१२ ला फोन लावायचा.

पैशांचं थोडक्यात. लेबर वेगळं आणि मटेरियल वेगळं लिहून घ्या, कागदावर नाही तर निदान व्हॉट्सअॅपवर. किती मीटर, कितीची वायर, कुठल्या कंपनीची, डीबीत काय काय. मटेरियल तुम्ही स्वतः आणलंत तर उत्तम. तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारा, गर्दीचा वैताग आहे पण भाव कळतात. वायरीचं नव्वद मीटरचं बंडल सीलबंद घ्या, वायरीवर दर थोड्या अंतरावर आयएसआय आणि आयएस ६९४ छापलेलं असतं ते बघा, आणि पक्कं बिल घ्या. वायरमनला दुकानातून कमिशन मिळतं. त्याचा राग धरू नका, फक्त ते धरून भाव करा. पैसे तीन हप्त्यांत: सुरू करताना थोडे, वायर ओढून झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता आरसीसीबीचं बटण दाबून, डीबीवर कुठली एमसीबी कशाची हे मराठीत लिहून दिल्यावर. 'बेडरूम एसी', 'ओटा', 'गिझर'. रात्री लाइट गेल्यावर यजमान मोबाइलच्या उजेडात हेच वाचणार आहेत.

आणि काम गुरुवारी ठेवू नका. आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट गुरुवारीच जाते; ड्रिल चालणार नाही, तपासणी होणार नाही, दिवसाची मजुरी मात्र द्यावी लागेल.

अॅपवाल्या मुलाबद्दल. पंखा बसवायला, ट्यूब बदलायला ती सोय चांगली आहे, मीही वापरतो. पण दर वेळी नवा माणूस येतो. तुमच्या भिंतीत काय आहे हे त्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायला त्याला वेळ दिलेला नसतो. पुढची व्हिजिट चाळीस मिनिटांनी वारज्यात असते. एवढं मोठं काम त्या घड्याळावर होत नाही. मात्र त्या सॉकेटमध्ये वीतभर वायर निघाली, तर तक्रार जरूर करा, फोटोसकट. तो मुलगा उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी फ्रिजला हेच करणार आहे.

राहिले काका. त्यांना काढून टाकायचं नाहीच आहे. पंचवीस वर्षांत तुमच्या घरात कुठला पाइप कुठल्या भिंतीतून गेलाय, कुठल्या जंक्शनवर पूर्वी जॉइंट मारलाय, पॅसेजमधला स्विच बाथरूमच्या लाइनवर का आहे, हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात आहे. त्याचा नकाशा कुठे नाही. नवा माणूस दोन दिवस भिंती ठोकून जे शोधेल, ते काका खुर्चीत बसून सांगतील. म्हणून पहिल्या दिवशी त्यांना मुद्दाम बोलवा आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्या. सांगायचं असं: 'काका, भार वाढवायचाय, महावितरणला टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून परवानावाल्याला बोलावलंय. पण लाइनी कुठून गेल्यात ते तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार?' यात एक शब्द खोटा नाही. स्विच, रेग्युलेटर, ट्यूब, बेल ही कामं पुढेही त्यांचीच.

चपलेचं मात्र त्यांना बोला. हळू आवाजात, यजमान नसताना. 'काका, तुम्ही चप्पल घाला म्हणालात, पण नातवंड आलं की ते अनवाणीच फिरणार.' मला वाटतं ते स्वतःच स्क्रू ड्रायव्हर काढतील.

सॉकेटच्या आत काय निघालं ते मला कळवा.